धागा तुटल्याची खूण

वैजू गेल्यावर आमच्या घरातला आवाज गेला, असं गल्लीतले लोक म्हणायचे. खरं तर आमच्या घरात आवाज आधीही फारसा नव्हता. ती गेली आणि घरातले हात थांबले. पण तेव्हा मला हे कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मी सदाशिव म्हेत्रे. इचलकरंजीत मागावर कामाला आहे. शहराबाहेर आता हवेच्या झोतावर चालणारे मोठे माग आलेत, त्यांच्यावर संगणक लक्ष ठेवतो. आमच्या गल्लीतल्या कारखान्यात मात्र अजून धोट्याचेच माग आहेत. लाकडी धोटा या टोकावरून त्या टोकाला आपटत राहतो, आणि असे कितीतरी धोटे एकाच शेडमध्ये आपटत असतात. तिथं कुणी कानाशी येऊन ओरडलं तरी कळत नाही. वर आता कानात बोळे घालायची सक्ती झाली आहे. म्हणून शेडमध्ये सगळा कारभार खुणांवर चालतो.

चहाची खूण आहे, मालक आल्याची आहे, वीज जाणार असल्याची आहे. प्रत्येक माणसाला नावाची खूण आहे. माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर इराण्णा, त्याचं नाव म्हणजे पोटावरून गोल हात फिरवायचा. माझं नाव मिशीला पीळ. मिशी काढून किती वर्षं झाली, नाव तेच राहिलं. वैजू त्याच शेडमध्ये धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या कांड्या भरायची, म्हणून तिचं नाव म्हणजे दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवायचे, दोरा गुंडाळल्यासारखे.

कुणाला जेवायला पाठवायचं असेल तर छातीवर तळवा ठेवायचा आणि तो पुढे ढकलायचा. म्हणजे, तू जा, तुझे माग मी बघतो. आणि ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे एकदम तुटले, एकट्याला आवरेना, तर हात वर करून अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचं, गाठ मारतात तसं. ही खूण दिसली की का तुटला, कुणामुळं तुटला, असं कुणी विचारत नाही. ज्याला दिसली तो आपला माग बंद करतो आणि जातो. गाठी मारून झाल्यावर परत येतो.

या खुणा वैजूनं घरी आणल्या. दिवसभर कानात बोळे आणि डोक्यात खडखडाट, घरी येऊन पुन्हा तोंड उघडायचा दोघांनाही कंटाळा यायचा. अवनी जन्मली ती याच खुणांत वाढली. तिच्या कानापाशी केसांची एक बट होती, कितीही विंचरली तरी वळायची. वैजूनं तिचं नाव तेच केलं. कानाजवळ बोट गोल फिरवायचं. बाकी खुणा वैजूनं आणि तिनं मिळून वाढवल्या. मामाची, गणिताच्या बाईंची, नावडत्या भाजीची. धागा तुटल्याची खूण घरात वेगळ्या कामाला आली. अवनी शाळेतून आली, दारात उभी राहून तिनं बोटं घासली, की वैजू गॅस बंद करायची आणि तिच्याशेजारी जाऊन बसायची. काय झालं ते पोरगी सांगायची किंवा नाही सांगायची.

पाचवीत असताना वर्गातल्या पोरांनी तिला हातवारे करताना पाहिलं आणि मुकी म्हणून चिडवलं. तेव्हापासून घराबाहेर ती खुणा करत नसे.

ती सातवीत गेली आणि वैजू काविळीनं गेली.

*

शाळेच्या समुपदेशक शिंत्रे मॅडम ‘साद’ नावाचं यंत्र घेऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी भाकरी थापत होतो. हात धुवून बाहेर आलो. मॅडम तरुण होत्या, दमलेल्या दिसत होत्या. आमच्या भागातल्या बऱ्याच शाळा त्यांच्या एकटीकडे होत्या.

साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी त्यांनी टेबलावर ठेवली. तिच्या कडेला एक बारीक दिवा होता.

“ही घाबरायची वस्तू नाही,” त्या म्हणाल्या. “सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांच्या घरी देतोय. याच वयात मुलं घरी सांगायचं बंद करतात. आतल्या आत कुढतात, आणि आईबापांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.”

“आमचं बोलणं ऐकणार व्हय ही?”

“शब्द नाही ऐकत. आवाज ऐकते.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूतून एक मोठी नस खाली उतरते. तिची एक फांदी हृदयाकडं जाते आणि एक घशाकडं. मन खचलं की त्या नसेत फरक पडतो, आणि तो आवाजात उतरतो. माणसाला तो जाणवत नाही इतका बारीक असतो. आवाजाची पट्टी थरथरते, चढ-उतार कमी होतो, वाक्याचा शेवट खाली पडतो. लाखो मुलांचे आवाज तपासून तज्ज्ञांनी हे पक्कं केलं आहे. दुसरी गोष्ट, प्रश्न आणि उत्तर यांच्यात किती वेळ जातो, आणि घरात अशी देवाणघेवाण किती होते, हे डबी मोजते. ज्या घरात साद घातली की प्रतिसाद येतो, त्या घरातलं मूल सावरतं. दिवा या देवाणघेवाणीवर चालतो, आवाजाची नोंद शाळेकडं जाते. दिवा हिरवा असला की ठीक, पिवळा झाला की लक्ष द्यायचं, लाल झाला की आम्ही येणार.

“कॅमेरा?” अवनीनं विचारलं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

“अजिबात नाही. कायद्यानंच बंदी आहे. घरात तुम्ही काय करता ते कुणाला दिसणार नाही.” मॅडम तिच्याकडं बघून हसल्या. मग मला विचारलं, “घरात तुमचं बोलणं कितपत होतं?”

“फारसं नाही, मॅडम.”

“आई होती तेव्हा?”

“तेव्हाही बेताचंच.”

मॅडमनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी खरं तेच सांगितलं होतं. शेडमधल्या खुणांना आमच्यात कुणी बोलणं समजत नाही. सायकलची घंटी वाजवली म्हणून माणूस बोलला असं होतं का? ते कामापुरतं असतं, आणि थोडं लाजेचंही. शिकलेल्या बाईंसमोर मी हातवाऱ्यांची गोष्ट कशाला काढू?

अवनीनं माझ्याकडं पाहिलं. 

*

आठवड्यातच आमचा दिवा लाल झाला.

तोवर गावाचा रंगच पालटला होता. संध्याकाळी आमच्या गल्लीतून चाललं की प्रत्येक दारातून बोलणं ऐकू यायचं. कधी तोंड न उघडणारे बाप पोरांना भूगोलाचे धडे विचारायचे. ‘संवाद शिकवणी’ असे बोर्ड लागले होते. पुढच्या वर्गाच्या प्रवेशात दिव्याचा रंग धरणार अशी अफवा उठली, ती खोटी होती, पण मग तर कुणी गप्प बसायलाच तयार होईना.

पालकांच्या बैठकीत माझ्या शेजारी भरमू कोरे बसला होता. त्याचा पोरगा अवनीच्याच वर्गात. त्यानं हात वर केला.

“मॅडम, मी टीव्ही लावून ठेवला की डबीजवळ, तरी पिवळाच! टीव्हीत माणसं काय कमी बोलत्यात?”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. “टीव्ही तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही, कोरे. डबीला तेवढं कळतं.”

“मग भांडण चालतंय का तिला?”

“भांडण चालतं. पण दोघांनी भांडलं पाहिजे.”

“मग झालं! आमच्या हिला सांगतो.” तो खाली बसला आणि माझ्या कानाशी आला. “तुझा कसला आहे रं सदा?”

“लाल.”

त्याचं हसू गेलं. “तोंड उघड की लेका. पेपर वाचून दाखव मोठ्यानं. पोरगी हं म्हणाली तरी मोजतंय ते.”

बैठक संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. अवनीची पुण्याची मावशी रोहिणी हिचा त्यांना फोन आला होता. ती भाचीला न्यायला तयार होती. तिची स्वतःची मुलगी अवनीच्याच वयाची, घर भरलेलं. “मी घाई करणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण लाल दिव्याच्या घरात मूल एकटं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. सहामाहीनंतर आपण बसू. तोवर तिच्याशी बोला, म्हेत्रे. एवढंच करा.”

मी ठरवलं, बोलायचं. पोरगी गेली तर घरात मी आणि डबी.

*

बोलणं सोपं नव्हतं. शेडमध्ये कान गेलेत, त्यामुळं मी एकतर ओरडतो नाहीतर पुटपुटतो. तरी मी भरमूचं ऐकलं. चहा घेताना पेपर मोठ्यानं वाचायचो. जेवताना विचारायचो.

“आज शाळेत काय झालं?”

“विज्ञानाची चाचणी झाली.”

“कशी गेली?”

“बरी गेली.”

“काय आलं होतं?”

“पेशी.”

दिवा पिवळा झाला. मला एवढा आनंद झाला की मी भाजीचं, पावसाचं, इराण्णाच्या पोटाचं, कशाचंही विचारत सुटलो. अवनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची. हुशार पोरगी, तिला खेळ लगेच कळला. डबीला काय लागतं ते माझ्याआधी तिला समजलं. मी गप्प झालो तर तीच विचारायची, “पप्पा, आज किती मीटर निघालं?” आणि दोघंही टेबलाकडं बघायचो.

एकदा मी भाकरी वाढत होतो. ती समोर बसली होती, तिनं उजवा हात थोडा वर उचलला. माझं लक्ष दिव्यावर होतं, तो नुकताच हिरव्याकडं झुकत होता.

“तोंडानं सांग,” मी म्हणालो. “ती खुणा ऐकत नाही.”

तिनं हात खाली घेतला. “काही नाही,” ती म्हणाली. “मीठ कमी आहे.”

मी मीठ दिलं. ते तिनं घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तेवढ्यात दिवा हिरवा झाला.

त्यानंतर तिनं घरातही खुणा केल्या नाहीत. मीही नाही. तिच्या नावाची खूण तर वैजू गेल्यापासून मी केलीच नव्हती. ती वैजूनं ठेवलेली, वैजूच्या बोटाची. माझं बोट कानाकडं जायचं आणि मधेच थांबायचं. मग मी टेबलावर टिचकी मारायचो किंवा “ए बाळा” म्हणायचो.

घरात आता भरपूर आवाज होता. शेडमधून घरी आल्यावर मला वाटायचं, शेड बरी.

*

सहामाहीनंतर शाळेत बसलो. मॅडम, मी, अवनी, आणि पुण्याहून आलेली रोहिणी. वैजूची धाकटी बहीण ती. नाक तिच्यासारखंच. मी तिच्याकडं फार बघत नव्हतो.

“दिवा हिरवा आहे,” मी आधीच सांगून टाकलं.

“हो. तुम्ही खूप मेहनत घेतलीत.” मॅडमनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक वर चढत गेली होती, एक खाली. “ही वरची तुमच्या घरातली देवाणघेवाण. आणि ही अवनीच्या आवाजाची. तुम्ही जसं जास्त बोलायला लागलात तसा तिचा आवाज जास्त खचत गेला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा तपासलं.”

डबी खोटी नव्हती. पोरगी दुःखात आहे हे तिनं ओळखलं होतं. कशामुळं, ते तिला दिसण्यासारखं नव्हतं, आणि मला दिसत असून मी दुसरीकडं बघत होतो.

“दाजी, तुम्ही कमी पडला असं कुणी म्हणत नाही,” रोहिणी म्हणाली. “पण पोरीला बाईमाणूस लागतं घरात. वयच तसलं आहे. सुट्ट्यांना येईल की ती. आणि माझ्या ताईचीच ना ही? मला काय परकी आहे?”

“अवनी,” मॅडमनी विचारलं, “तुला काय वाटतं? मोकळेपणानं सांग.”

 अवनीनं माझ्याकडं पाहिलं आणि टेबलाच्या कडेला, सगळ्यांसमोर, मिशीला पीळ दिला, म्हणजे मला हाक मारली. मग हात पसरून बोटं हलवली. शेडमध्ये विचारतात तसं. तुझे माग कोण बघणार?

म्हणजे मी गेले तर तुमचं काय, असं ती विचारत होती. आमच्या कारखान्यातल्या कुणालाही ते कळलं असतं.

मला रडू येत होतं, आणि रोहिणीसमोर मला रडायचं नव्हतं. पोरीचं भलं व्हावं, एवढंच डोक्यात होतं. मी छातीवर तळवा ठेवला आणि पुढे ढकलला. तू जा, मी बघतो.

“हे काय?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही मॅडम. कारखान्यातली सवय.”

“मी जाते पुण्याला,” अवनी म्हणाली.

*

ती गेल्यावर मॅडमचा माणूस डबी न्यायला येणार होता, तो आला नाही. डबी टेबलावरच राहिली. मी एकटा असल्यावर ती आपोआप विझायची, कारण एका माणसाच्या आवाजाचं तिला काही काम नसतं. मी कधीतरी खोकलो की दिवा क्षणभर लागायचा, उत्तराची वाट बघायचा आणि जायचा.

मी एका माणसाच्या भाकरी करायला शिकलो. वैजूच्या कांड्यांच्या टोपलीवर आता दुसरी बाई बसायची. चांगली होती, हात चलाख होता. तिला नावाची खूण अजून कुणी दिली नव्हती. सगळे तिला नुसता हात दाखवायचे. तिची खूण जवळजवळ वैजूचीच झाली असती, म्हणून असेल.

संध्याकाळी अवनीचा व्हिडिओ कॉल यायचा. रोहिणीच्या घरात मागं सतत कुणीतरी बोलत असायचं, टीव्ही, मिक्सर, तिची मुलगी सई, तिचे मिस्टर. त्यांच्या डबीचा दिवा हिरवागार.

“जेवलात का पप्पा?”

“जेवलो. तू?”

“हो. मावशीनं पुलाव केला होता.”

“अभ्यास?”

“चालू आहे.”

मग दोघांचंही संपायचं. स्क्रीनमध्ये तिचा चेहरा आणि कोपऱ्यात माझा. तिनं केस कापले होते. कानापाशी वळायची ती बट आता दिसत नव्हती. मी तसं म्हणालो नाही. एकदा मागून सई आली आणि म्हणाली, “अगं आवाज बंद पडलाय का तुमचा?” अवनी म्हणाली, “नाही गं, नेट आहे.” आणि तिनं फोन ठेवला.

*

रविवार होता. तिला सुट्टी, आमचा कारखाना चालू. सकाळी माझ्या खिशात फोन थरथरला. या वेळेला ती कधी करत नसे. मी मागांच्या मधल्या वाटेत उभा राहून फोन डोळ्यांसमोर धरला.

ती रोहिणीच्या गच्चीत होती. तिचं तोंड हलत नव्हतं. मला आवाज ऐकू येणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं ही वेळ निवडली असावी. मला तिचे फक्त हात दिसतील, अशी.

तिनं हात वर केला आणि अंगठ्यावर बोट घासलं.

एवढंच. मग पुन्हा तेच.

भाकरी वाढताना तिनं उचललेला हात मला आठवला. अंगठा आणि बोट तेव्हाही एकमेकांजवळ होतं. मी तिला मीठ दिलं होतं.

मी फोन खिशात टाकला आणि माझा पहिला माग बंद केला. मग दुसरा, मग पुढचा. सगळे नीट चालले होते, कापड स्वच्छ निघत होतं. पलीकडून इराण्णा धावत आला आणि हातानं विचारलं, काय झालं?

मी हात वर करून बोटं घासली.

त्यानं माझ्या मागांकडं पाहिलं. एकही धागा तुटलेला नव्हता. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी कानाजवळ बोट गोल फिरवलं. वैजू शेडमध्ये पोरीबद्दल सांगायची तेव्हा हीच खूण करायची, सगळ्यांना माहीत होती. वैजू गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या हातून ती झाली. झाल्यावर मला कळलं.

इराण्णानं छातीवर तळवा ठेवला आणि पुढे ढकलला.

अंगावर सुताचे तंतू होते तसाच मी स्टँडवर गेलो.

*

पुण्याला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. रोहिणीनं दार उघडलं.

“दाजी! अहो, फोन तरी करायचा. काय झालं? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. अवनी कुठं आहे?”

“आहे आत. कालपासून जरा गप्पच आहे. पण दिवा हिरवा आहे आमचा, बघा.”

अवनी खिडकीजवळ पलंगावर बसली होती. मला बघून उठली नाही. मी काही विचारलं नाही. जाऊन तिच्याशेजारी बसलो. सई आमच्याकडं एकदा बघून बाहेर गेली.

 मग मी कानाजवळ बोट गोल फिरवलं.

तिनं माझ्या बोटाकडं असं पाहिलं, जसं कुणी तिला फार लांबून हाक मारली आहे. मग तिचे हात चालू झाले. इतके भरभर, की मला सगळं धरता येईना. इथं कुणाला खुणा येत नाहीत. मी विसरायला लागले. आई एक खूण करायची, झोपताना, तिचं बोट कुठून सुरू व्हायचं ते काल आठवेना. आरशासमोर करून बघितलं, आई वाटेना. तिचा आवाज तर आधीच आठवेनासा झाला होता, आता हात पण जातोय.

ती खूण मला माहीत होती. मी रोज दारातून बघायचो. बोट कपाळावरून सुरू व्हायचं, भुवईवरून खाली यायचं आणि गालावर थांबायचं. मी तिच्या कपाळावर बोट ठेवून ती केली. माझं बोट राठ, वैजूचं असं नव्हतं. पण वाट तीच होती.

अवनी रडली. मीही. आवाज न करता, आमच्या घरच्यासारखं.

दार ढकलून रोहिणी आली. हातात चहाचे कप. “अहो, बोला ना काहीतरी दोघं. बाहेर दिवा लाल झालाय!”

अवनीनं डोळे पुसले आणि तिला हसू फुटलं. मला बघून तिनं पोटावरून गोल हात फिरवला, इराण्णाची खूण, आणि मावशीकडं बोट दाखवलं. माग थांबला की तोही असाच धावत येतो. मलाही हसू आवरेना. रोहिणी कप घेऊन तशीच उभी राहिली.

“काय झालं? काय म्हणाली ती?”

“काही नाही मावशी,” अवनी तोंडानं म्हणाली. “मी पप्पांबरोबर घरी जाते.”

रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. “ताईचेच हात आहेत गं तुझे,” ती म्हणाली आणि कप ठेवून अवनीची बॅग काढायला गेली.

*

आमचा दिवा पुन्हा लाल झाला आणि शिंत्रे मॅडम पुन्हा आल्या. चेहरा गंभीर होता. रोहिणीशी त्या बोलल्या होत्या, पण डबीत दिसतं ते दिसतं. दिवसभरात मोजके शब्द. मात्र जे शब्द होते, त्यातला अवनीचा आवाज सावरत होता. हे दोन्ही एकत्र कसं, ते त्यांना समजत नव्हतं.

“मी जरा बसते इथं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमचं चालू द्या.”

आम्ही जेवायला बसलो. अवनीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. मग ती सांगायला लागली. भरमूच्या पोरानं वर्गात काय केलं, बाई कशा चिडल्या, कोण बाकाखाली लपलं. मी मधेच अडवायचो, ती माझ्या हातावर चापटी मारून पुढं जायची. भांड्यांचा तेवढा आवाज होता.

मॅडम कितीतरी वेळ बघत राहिल्या. चहा निवला.

“हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही बोलण्याचं विचारलंत, मॅडम. हे बोलणं आहे, असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.”

त्यांनी टेबलावरच्या डबीकडं पाहिलं. वही काढली, काही लिहिलं नाही. “यात हे मोजायची सोय नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखी अजून किती घरं असतील या गावात, मला कसं कळणार?”

 आमच्या शेडपुरती मी त्यांना चार नावं सांगितली, ज्यांची पोरं त्यांच्याच शाळेत होती. चौघांचेही दिवे लाल होते.

निघताना त्या दारात थांबल्या. भिंतीवर वैजूचा फोटो आहे, त्याच्याकडं बघत अवनीला म्हणाल्या, “आईचं नाव कसं करायचं?”

अवनी थांबली. पुण्याहून आल्यापासून आम्ही सगळं केलं होतं, मामाची खूण, भाजीची, झोपतानाची. हे एक नाव मात्र आमच्यातलं कुणीच केलं नव्हतं. ते केलं की माणूस वळून बघतो. इथं कोण बघणार होतं?

तिनं दोन्ही हात वर घेतले. एकाभोवती एक फिरवायला लागली, सावकाश, दोरा गुंडाळल्यासारखे. मग माझ्याकडं पाहिलं.

मीही हात वर घेतले.